‘अकिलिस’ ते ‘दिल्ली’ : एका युद्धनौकेची दोन आयुष्ये

स्वतंत्र भारताच्या नौदलाची पहिली मोठी युद्धनौका म्हणजे ‘आयएनएस दिल्ली’. तिचे मूळ नाव ‘अकिलिस’. ‘लिअँडर’ वर्गातील या ब्रिटिश हलक्या क्रूझरचे जलावतरण १ सप्टेंबर १९३२ रोजी इंग्लंडमधील बर्केनहेड येथे झाले. सहा इंची आठ तोफांनी सज्ज असलेली ही नौका १९३६ मध्ये न्यूझीलंडच्या नौदल विभागाकडे सोपविण्यात आली.

तिची खरी कसोटी लागली १३ डिसेंबर १९३९ रोजी. दक्षिण अमेरिकेतील प्लेट नदीच्या मुखाजवळ ‘एजॅक्स’, ‘एक्झेटर’ आणि ‘अकिलिस’ या तीन क्रूझर जर्मनीच्या ‘अ‍ॅडमिरल ग्राफ श्पे’शी भिडल्या. जर्मन नौकेच्या अकरा इंची तोफांपुढे ‘अकिलिस’चा दारूगोळा तोकडा होता. गोळ्याच्या कपच्या लागून तिच्यावरील चार जण मृत्युमुखी पडले आणि कप्तान एडवर्ड पॅरी जखमी झाले. तरीही मारा थांबला नाही. ‘ग्राफ श्पे’ने माँटेव्हिडिओ बंदराचा आश्रय घेतला आणि १७ डिसेंबर रोजी तिच्या कप्तानाने ती स्वतःच बुडविली.

पुढे ५ जानेवारी १९४३ रोजी ग्वादालकॅनालजवळ जपानी बॉम्ब तिच्या तोफखान्यावर पडला व तेरा जणांचा बळी गेला. दुरुस्तीत हा उद्ध्वस्त बुरूज काढून टाकला गेला. १९४५ मध्ये ती ब्रिटिश पॅसिफिक ताफ्यात होती.

फाळणीनंतर भारतीय नौदलाकडे एकही क्रूझर नव्हती. ५ जुलै १९४८ रोजी ही नौका ‘दिल्ली’ या नावाने भारताच्या सेवेत दाखल झाली. योगायोग असा, की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतीय नौदलाचे प्रमुखपद स्वीकारणारे व्हाइस अ‍ॅडमिरल पॅरी हेच प्लेटच्या लढाईतील तिचे कप्तान होते. १९५० मध्ये पंतप्रधान नेहरू याच नौकेने इंडोनेशियाला गेले. प्लेटच्या लढाईवरील १९५६ च्या इंग्रजी चित्रपटात तर तिने स्वतःचीच भूमिका वठविली!

१९५७ मध्ये ‘म्हैसूर’ (पूर्वीची ब्रिटिश ‘नायजेरिया’) ही दुसरी क्रूझर आली. डिसेंबर १९६१ च्या ‘ऑपरेशन विजय’मध्ये ‘म्हैसूर’ अंजदीव बेटाच्या मोहिमेवर होती, तर ‘दिल्ली’ने दीव येथे पोर्तुगीज ठाण्यांवर तोफा डागून लष्कराला साह्य केले. गोवा, दमण व दीवच्या मुक्तीत या जुन्या नौकांचाही असा वाटा आहे.

३० जून १९७८ रोजी मुंबईत ‘दिल्ली’ निवृत्त झाली. तिचा एक तोफबुरूज भारताने न्यूझीलंडला भेट दिला. तो ऑकलंडच्या नौदल तळावर जतन करण्यात आला. तिचे नाव मात्र नौदलात पुन्हा उमटले. माझगाव गोदीत बांधलेली नवी ‘दिल्ली’ ही विनाशिका नोव्हेंबर १९९७ मध्ये ताफ्यात सामील झाली.