कार्पेंटर, डेल्फ

(१३ मे १८७७–२७ फेब्रुवारी १९५१). अमेरिकेतील पाणी व सिंचन कायद्याचे वकील आणि आंतरराज्य नदीकरारांचे प्रवर्तक. जन्म कोलोरॅडो राज्यातील ग्रीली येथे, शेतकरी कुटुंबात. १८७० मध्ये वसवलेल्या या गावाची शेती पाटपाण्यावर उभी होती. डेन्व्हर विद्यापीठाची कायद्याची पदवी (१८९९) घेऊन त्यांनी ग्रीलीतच वकिली सुरू केली. १९०९–११ या काळात ते राज्य सिनेटचे सदस्य होते.

पश्चिम अमेरिकेत ज्याने पाणी आधी वापरात आणले त्याचा हक्क पहिला. मागाहून आलेल्याने उरेल त्यावर भागवायचे, असा नियम होता. लॅरमी नदीवरून वायोमिंगने १९११ मध्ये कोलोरॅडोविरुद्ध दावा लावला. कोलोरॅडोची बाजू कार्पेंटर यांनी मांडली. जून १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच नियम दोन राज्यांमधील वाटपालाही लागू केला. झपाट्याने वाढणारा कॅलिफोर्निया कोलोरॅडो नदीवर आधी हक्क सांगून बसेल, ही वरच्या राज्यांची धास्ती त्यामुळे वाढली.

काँग्रेसच्या संमतीने राज्यांनी आपसात करार करावेत, अशी तरतूद अमेरिकेच्या राज्यघटनेत आहे. तोवर ती मुख्यतः सीमातंट्यांसाठी वापरली जाई. ती नदीच्या पाणीवाटपाला लावण्याचा आग्रह कार्पेंटर यांनी धरला आणि तेच त्यांचे खरे कर्तृत्व. तत्कालीन व्यापारमंत्री हर्बर्ट हूव्हर यांच्या अध्यक्षतेखाली कोलोरॅडो खोऱ्यातील सात राज्यांची बोलणी झाली. सात वाटे पाडणे जमेना, तेव्हा खोऱ्याचे वरचे व खालचे असे दोन भाग करण्याची तोड कार्पेंटर यांनी सुचवली. २४ नोव्हेंबर १९२२ रोजी सँटा फे येथे करारावर सह्या झाल्या. प्रत्येक भागाला वर्षाला ७५ लाख एकर-फूट, म्हणजे सुमारे ३२७ टीएमसी पाणी ठरले. ॲरिझोनाने मात्र १९४४ पर्यंत करार मान्य केला नाही. नेब्रास्काबरोबरचा साउथ प्लॅट करारही (१९२३) कार्पेंटर यांच्याच वाटाघाटींतून झाला.

कोलोरॅडो नदीच्या करारात दोन मोठ्या उणिवा राहिल्या. पावसाळी वर्षांच्या मोजणीवर भिस्त ठेवल्याने नदीचा प्रवाह वाजवीपेक्षा जास्त धरला गेला. आज कोरड्या वर्षांत या नदीवरील मीड व पॉवेल जलाशय खालावतात, त्यामागचे हे एक कारण आहे. दुसरी उणीव अन्यायाची होती : खोऱ्यातील आदिवासी जमातींना बोलणीत जागाच मिळाली नाही, त्यांचा वाटाही ठरला नाही.

पार्किन्सनच्या विकाराने कार्पेंटर यांची अखेरची बरीच वर्षे अंथरुणावर गेली. त्यांची कागदपत्रे फोर्ट कॉलिन्स येथील कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत जतन केलेली आहेत.