'होल्ड आऊट' आणि 'किल्ला भांडवणे' : साताऱ्याचा वेढा, १६९९-१७००

वेढ्यांविषयीच्या इंग्रजी लेखनात 'होल्ड आऊट' हे जोडक्रियापद पावलोपावली भेटते. मराठीत आपण त्यासाठी 'तग धरणे' वापरतो, आणि ते योग्यच आहे. 'सोसणे' बेमुदत असू शकते; तग धरण्याला मात्र मुदत असते. मेढ्याच्या खोऱ्यात पावसाने ओढ दिली की खाचरातले भात तग धरून राहते, ते पुढच्या सरीपर्यंत.

या क्रियापदापुढे 'फॉर' आला की अर्थ सरकतो : मनासारख्या अटी मिळेपर्यंत अडून बसणे. हे दोन्ही अर्थ एकत्र पाहायचे असतील तर मेढ्याहून वेण्णेच्या खोऱ्याने साताऱ्याकडे, आजच्या अजिंक्यताऱ्यापाशी यावे.

डिसेंबर १६९९. एक्याऐंशी वर्षांचा औरंगजेब स्वतः वेढ्यावर आला आणि करंजे येथे त्याची छावणी पडली. किल्ल्यावर किल्लेदार प्रयागजी प्रभू. बाहेर मराठ्यांचे घोडदळ मोगलांची रसद तोडत होते, त्यामुळे वेढा घालणाराही काही अंशी वेढ्यातच होता. २ मार्च १७०० रोजी सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले. तरीही किल्ला लढत राहिला.

अशा लढ्यासाठी जुन्या मराठीत एक खास प्रयोग आहे : 'किल्ला भांडवणे'. 'भांडणे' म्हणजे तेव्हा लढणेही. भांडवणे हे त्याचे प्रयोजक रूप; म्हणजे लढतो किल्ला आणि त्याला लढवतो किल्लेदार. इंग्रजी क्रियापदातला माणूस स्वतः टिकून राहतो. मराठी क्रियापदातला माणूस कडा, तट, टाक्यांतले पाणी, कोठारातले धान्य आणि दारू या सगळ्यांना कामाला लावतो. मला हा फरक निव्वळ व्याकरणाचा वाटत नाही. किल्लेदाराने किती सोसले याहून, किल्ल्याकडून किती काम करून घेतले, हे या शब्दाला महत्त्वाचे वाटते.

म्हणूनच 'सातारा पडला' एवढ्यावर थांबणारे वर्णन अपुरे ठरते. सुमारे साडेचार महिने या एका डोंगराने बादशाही फौज अडकवून ठेवली. साताऱ्यानंतर परळीचा, म्हणजे सज्जनगडाचा, वेढा जूनपर्यंत लांबला आणि माघारी निघालेल्या फौजेला सह्याद्रीच्या पावसाने गाठले. पुढे १७०२ च्या जूनमध्ये परशुराम त्र्यंबकांनी विशाळगड सोडला तो दोन लाख रुपये घेऊन. हा 'फॉर'वाला अर्थ! याला फितुरी म्हणण्याची घाई करू नये. घेतलेला प्रत्येक किल्ला राखण्यासाठी मोगलांना माणसे आणि दाणागोटा लागत होता, आणि ते किल्ले मराठे पुन्हा घेत होते. सातारा परत आला. जानेवारी १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक तेथेच झाला.

मात्र हा हिशेब कागदावर जितका चोख दिसतो, तितका तटावर नव्हता. अटी किल्लेदाराला मिळत. शिपायाच्या वाट्याला केवळ 'तोपर्यंत' येई. १३ एप्रिल १७०० रोजी मोगलांनी तटाखाली दोन सुरुंग उडवले. पहिल्याने तट आत कोसळून किल्ल्यातली अनेक माणसे गाडली गेली. प्रयागजी ढिगाऱ्यातून जिवंत निघाले. दुसऱ्याने तट बाहेर फेकला, तो हल्ल्यासाठी खाली दबा धरून बसलेल्या मोगल सैन्यावरच. त्यांचे सुमारे दोन हजार लोक मेले.

आठ दिवसांनी, २१ एप्रिलला, शहजादा आझमच्या मध्यस्थीने किल्ला मोगलांच्या ताब्यात गेला आणि त्याचे नाव आझमतारा ठेवण्यात आले.