सोडियमचे असंतुलन आणि हृदयाचा आलेख : अ‍ॅडिसन ते कॉन (१८५५–१९५५)

प्रस्तावना :
अधिवृक्क ग्रंथींच्या संप्रेरकांमुळे शरीरातील सोडियमचे संतुलन बिघडले, की हृदयाच्या विद्युत आलेखातही, म्हणजेच ईसीजीत, बदल घडू शकतात. मात्र ही खूण मुख्यत्वे सोडियमची नसून पोटॅशियमची असते. हे उमगण्यास वैद्यकशास्त्राला सुमारे एक शतक लागले. त्या शतकाचा संक्षिप्त मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

विवेचन :
लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ मध्ये या ग्रंथींच्या विकारातून उद्भवणाऱ्या आजाराचे वर्णन केले. अशक्तपणा, क्षीण नाडी व काळवंडणारी त्वचा ही लक्षणे त्यांनी नोंदविली. परंतु ग्रंथींचे कार्य अज्ञातच राहिले. १८८० च्या दशकात सिडनी रिंगर यांनी बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून स्पंदन हे क्षारांच्या योग्य प्रमाणावर अवलंबून असल्याचे दाखविले. पुढे विल्यम आइंटहोव्हेन यांनी हृदयाच्या विद्युत लहरी अचूक टिपल्या व १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळविले. शरीररचना, रसायन व विद्युत हे तीन धागे अद्याप वेगळेच होते.

१९३२ मध्ये न्यूयॉर्क येथील रॉबर्ट लोब यांना अ‍ॅडिसनच्या आजारात रक्तातील सोडियम घटलेले आढळले. मीठ दिल्याने रुग्ण सुधारू लागले. या आजारात पोटॅशियम मात्र वाढते. ते फार वाढल्यास आलेखातील टी लहर उंच व टोकदार होते, पी लहर सपाट होते, क्यूआरएस रुंदावतो आणि अखेरीस हृदय थांबू शकते.

१९५३ मध्ये सिम्पसन व टेट यांच्या संशोधनातून अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वेगळे करण्यात आले. ते मूत्रपिंडात सोडियम राखते व पोटॅशियम बाहेर टाकते. १९५४ मध्ये मिशिगन विद्यापीठातील जेरोम कॉन यांनी उच्च रक्तदाब व स्नायूदौर्बल्य असलेल्या एका ३४ वर्षीय स्त्रीच्या आजाराचे मूळ या संप्रेरकाच्या अतिरेकात शोधले. शस्त्रक्रियेत ग्रंथीतील गाठ काढल्यावर ती बरी झाली. १९५५ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. अशा विकारात पोटॅशियम घटून आलेखाचे चित्र उलटते : टी लहर सपाट होते व यू लहर ठळक दिसते.

निष्कर्ष :
एकाच संप्रेरकाचा अभाव व अतिरेक हृदयाच्या आलेखावर परस्परविरुद्ध खुणा उमटवितो. तथापि पोटॅशियम धोकादायक पातळीवर असतानाही आलेख निर्दोष दिसू शकतो. म्हणून केवळ त्यावर विसंबून रक्ततपासणी टाळणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. आलेख व रक्त एकत्र वाचावे लागतात, हाच या शतकाचा बोध होय.