डायनरसारखे फुगीर पॅनकेक घरी: आंबोळीची सवय आणि लबनची बाटली

मदिनत खलीफा, दोहा: कतारमध्ये साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी आणि शनिवारी असते. एरवी डब्यांच्या घाईत उरकली जाणारी न्याहारी या दोन दिवशी निवांतपणे होते आणि पोहे-घावनांच्या जोडीला मुलांच्या आग्रहाखातर पॅनकेकही ताटात येतात. मात्र घरी केलेला पॅनकेक पुष्कळदा चपटा आणि चिवट निघतो. दोष बहुधा साहित्याचा नसतो. पीठ एकजीव होईपर्यंत फेटायचे आणि मग मुरू द्यायचे, ही आंबोळीने लावलेली सवय पॅनकेकला मारक ठरते.

डायनरचा पॅनकेक

अमेरिकेतील डायनर या उपाहारगृहांचा उगम सामान्यतः १८७२ साली मानला जातो. त्या वर्षी वॉल्टर स्कॉट यांनी ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स शहरात घोडागाडीतून खाद्यविक्री सुरू केली. तेथे मिळणारा पॅनकेक फ्रेंच क्रेपसारखा पातळ नसतो; तो जाड, आतून जाळीदार आणि वरून एकसारखा तांबूस असतो. त्याची फुगवट यीस्टमुळे नव्हे, तर बेकिंग पावडर व सोड्यामुळे येते. यीस्टविना पीठ फुगवणारी बेकिंग पावडर इंग्लंडमधील अल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ साली तयार केली. यीस्ट न सोसणाऱ्या पत्नीसाठी त्यांनी हा खटाटोप केला होता.

आंबोळीशी फरक

आंबोळीच्या पिठात तांदूळ आणि उडीद असतात. त्यांत ग्लुटेन नसते, त्यामुळे पीठ कितीही फेटले तरी चिवट होत नाही. रात्रभर आंबताना सूक्ष्मजीव सावकाश वायू निर्माण करीत राहतात. म्हणून तेथे थांबण्यातच लाभ असतो.

मैद्याचे गणित उलटे आहे. ओला मैदा जितका घोटावा, तितके ग्लुटेनचे धागे घट्ट होतात. शिवाय सोडा आंबट पदार्थात मिसळताच कार्बन डायऑक्साइड सुटू लागतो आणि वेळ गेला की तो उडून जातो. म्हणून पॅनकेकचे पीठ जेमतेम कालवावे, त्यात गुठळ्या राहू द्याव्यात आणि ते लवकर तव्यावर घालावे.

ताकाऐवजी लबन

मूळ कृतीत दाट, आंबट ताक लागते. आखातात त्याचा सोपा पर्याय म्हणजे लबन. बाटल्यांवरील नावांत मात्र गल्लत होऊ शकते. हलीब म्हणजे दूध, लबन म्हणजे ताकासारखे आंबट पेय आणि लबनेह म्हणजे चक्क्यासारखा घट्ट पदार्थ. आयरान खारट असते. ते वापरल्यास मीठ वगळावे. घरचे पातळ ताक उपयोगाचे नाही. ते वापरायचे तर दाट दह्यात थोडेच पाणी घालून घुसळावे.

कतारमध्ये स्थानिक लबन सहज मिळते, यामागे अलीकडचा इतिहास आहे. ५ जून २०१७ रोजी शेजारी देशांनी नाकेबंदी केली आणि सौदी अरेबियातून येणारे दूध थांबले. त्यानंतर बलदना कंपनीने विमानाने गाई आणून देशातच दुग्धोत्पादन वाढवले.

साहित्य (नऊ-दहा पॅनकेकसाठी)

- मैदा १९० ग्रॅम (सुमारे दीड कप)
- साखर २ मोठे चमचे
- बेकिंग पावडर २ लहान चमचे
- खाण्याचा सोडा अर्धा लहान चमचा
- मीठ अर्धा लहान चमचा
- लबन ३०० मिलिलिटर. लागल्यास आणखी ५०
- अंडे १
- वितळवलेले लोणी ४५ ग्रॅम

‘सेल्फ रेझिंग’ असे लिहिलेल्या पिठात बेकिंग पावडर आधीच मिसळलेली असते; ते येथे वापरू नये.

कृती

१. लबन आणि अंडे अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवावे. थंडगार लबनमध्ये वितळलेले लोणी थिजते.

२. कोरडे जिन्नस एकत्र चाळावेत. दुसऱ्या भांड्यात अंडे, लबन आणि लोणी फेटावे. फेटण्याची हौस येथेच भागवून घ्यावी.

३. ओले मिश्रण कोरड्यात ओतून दहा-पंधरा वेळाच हलक्या हाताने कालवावे. कोरडे पीठ दिसेनासे झाले की थांबावे. पीठ पळीवरून जाडसर धारेने पडावे. फार घट्ट वाटल्यास उरलेले लबन घालावे.

४. पाच ते दहा मिनिटे ठेवावे. तेवढ्यात गुठळ्या भिजतात. त्यानंतर पुन्हा ढवळू नये.

५. बिडाचा किंवा जाड बुडाचा तवा मध्यम आचेवर तापवावा. पाण्याचा थेंब नाचू लागला की तवा तयार झाला. सुमारे १९० अंश सेल्सिअस तापमान योग्य. तुपाचा किंवा तेलाचा हात फिरवून जादा स्निग्धता पुसून घ्यावी.

६. पाव कप पीठ एकाच जागी ओतावे. घावनासारखे पसरवू नये. बुडबुडे फुटून छिद्रे तशीच राहिली आणि कडा कोरड्या दिसल्या की एकदाच उलटावे. उलथन्याने दाबू नये. दाबल्यास अडकलेला वायू निघून जातो.

बिघडते कोठे

फुगवट न येण्याचे नेहमीचे कारण म्हणजे जुनी बेकिंग पावडर. दोह्याच्या उन्हाळ्यातील दमट हवेत उघडा राहिलेला डबा ओलावा शोषतो आणि पावडरीचा जोर ओसरतो. गरम पाण्यात अर्धा चमचा टाकून पाहावी. जोराने फेसाळली नाही तर नवी आणावी. सोड्याची परीक्षा लिंबाच्या रसाने होते.

बाहेरून करपून आत कच्चे राहत असल्यास आच जास्त आहे. विजेच्या शेगडीवर आच कमी केल्याचा परिणाम उशिरा जाणवतो, म्हणून ती आधीच उतरवावी. उपाहारगृहातील मोठा लोखंडी तवा सतत एकाच तापमानावर असतो. घरचा तवा पहिल्या पॅनकेकपर्यंत सर्वत्र सारखा तापलेला नसतो. म्हणून पहिला चाचणीचा समजावा.

अंडे न खाणाऱ्यांनी त्याऐवजी ५० मिलिलिटर लबन आणि एक मोठा चमचा तेल घालावे. असे पॅनकेक अधिक नाजूक होतात. ते आकाराने लहान घालावेत. एक तृतीयांश मैद्याऐवजी कणीक चालते, पण द्रव थोडा वाढवावा लागतो.

वाढताना

सर्वांना एकत्र गरम खायला घालायचे असेल, तर तयार पॅनकेक ९५ अंशांच्या ओव्हनमध्ये जाळीवर ठेवावेत. ताटलीत एकावर एक रचल्यास वाफेने ओलसर होतात. मेपल सिरप नसेल, तर दिब्स हा खजुराचा पाक थोड्या लोण्यासह कोमट करून घालावा. दिब्स बराच गोड असतो, त्यामुळे पिठातील साखर निम्मी केली तरी चालते.