नर्मदेचे दूरचे वकील

स्वदेशाबाहेर राहून स्वदेशाचे गाऱ्हाणे मांडण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. सातारचे छत्रपती प्रतापसिंह १८३९ साली पदच्युत झाले, तेव्हा त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले आणि तेथे तेरा-चौदा वर्षे तग धरून राहिले. लंडनवासी दादाभाई नौरोजी १८७४ मध्ये मल्हारराव गायकवाडांचे दिवाण म्हणून बडोद्यास आले. बाळ मंगेश वागळे यांच्यासारखे सहकारी बरोबर घेऊन त्यांनी दरबारातील नजराणे व लाचलुचपत निपटून काढण्याची खटपट केली, आणि १८७५ च्या जानेवारीत राजीनामा देऊन ते बाहेर पडले. या दोघांची दैवते निराळी, यशापयशही निराळे. परंतु अन्याय करणारी सत्ताच साहेबाची असल्यामुळे दाद मागण्याचे ठिकाण साहेबाचा देश, एवढे दोघांच्याही बाबतीत उघड होते. स्वातंत्र्यानंतर ही सोय राहिली नाही. घरचे भांडण परक्याच्या ओट्यावर नेणारा तो घरभेदी, असे म्हणणे सोपे झाले. नर्मदा खोऱ्यातील आदिवासींसाठी अमेरिकेतील भारतीय विद्यार्थ्यांनी व व्यावसायिकांनी जे काम केले, त्याचा विचार या आक्षेपाला टाळून करता येत नाही.

प्रथम खोऱ्याची हकीकत सांगणे भाग आहे. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ साली अंतिम निवाडा दिला. १३८.६८ मीटर उंचीच्या सरदार सरोवराच्या बुडितात येणारी गावे पुढे २४५ मोजली गेली: मध्य प्रदेशातील १९३, महाराष्ट्रातील ३३ आणि गुजरातेतील १९. महाराष्ट्रातील तेहतीस गावे अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांतली, म्हणजे तेव्हाच्या धुळे आणि १९९८ पासूनच्या नंदुरबार जिल्ह्यातली. सातपुड्याच्या उतारावर राहणारे हे भिल्ल व पावरा लोक. त्यांच्या कित्येक पिढ्यांनी कसलेली जमीन सरकारी दप्तरात वनजमीन म्हणून लिहिलेली. म्हणजे कसणाराच अतिक्रमण करणारा ठरलेला. लवादाने जमिनीच्या बदल्यात जमीन, निदान दोन हेक्टर, आणि तीही बुडीत येण्यापूर्वी, असा नियम घालून दिला होता. नियम चांगला होता. त्याचा लाभ ज्याच्या नावावर सातबारा त्याला प्रथम मिळणार, आणि डोंगरातल्या पावऱ्याच्या नावावर बहुधा काहीच नव्हते, ही त्यातली मेख.

१९८५ साली जागतिक बँकेने या प्रकल्पासाठी ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले, आणि त्याच सुमारास मेधा पाटकर खोऱ्यात आल्या. कर्जाचा हा तपशील आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. प्रकरण परदेशात नेले कोणी, असा प्रश्न विचारला जातो, तेव्हा हे विसरले जाते की पैसा आणण्यासाठी सरकारेच आधी वॉशिंग्टनला गेली होती. सावकार जेथे बसतो तेथे कुळाने दाद मागावी, यात नवल ते काय? १९८९ मध्ये मेधा पाटकरांनी अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे साक्ष दिली. १९९०-९१ च्या हिवाळ्यात गुजरातच्या सीमेवर फेरकुवा येथे सत्याग्रह व दीर्घ उपोषण झाले. त्यानंतर बँकेने ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र समीक्षा मंडळ नेमले. १९९२ च्या जूनमध्ये आलेल्या त्याच्या अहवालाने पुनर्वसनाच्या दाव्यांचा पायाच उखडला, आणि १९९३ च्या मार्चअखेर भारत सरकारने उरलेले कर्ज सोडून दिले. १९९४ साली ४४ देशांतील ३२६ संस्थांनी बँकेच्या धरणविषयक धोरणाविरुद्ध जो जाहीरनामा काढला, त्यास नाव मिळाले मणिबेलीचे, अक्कलकुवा तालुक्यातील एका खेड्याचे. मराठी मुलुखातील फारच थोड्या गावांची नावे अशी जगाच्या तोंडी बसली असतील. आणि ज्यांच्या तोंडी ती बसली त्यांपैकी बहुतेकांना ते गाव कधीच दिसले नाही.

परदेशस्थ भारतीयांचा खरा प्रवेश होतो तो याच काळात. १९९१ साली अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी असलेल्या रवी कुचिमंची यांनी काही सहाध्यायांसह 'असोसिएशन फॉर इंडियाज् डेव्हलपमेंट' ही संस्था काढली. पगारी नोकर न ठेवता स्वयंसेवकांनीच चालवायची, आपापल्या गावी शाखा काढायच्या, वर्गणी गोळा करायची आणि भारतातील लहान लहान कामांना ती पोचवायची, अशी तिची साधी घडण होती. आरंभी ती इतर परोपकारी मंडळांसारखीच होती. शाळेला मदत द्यावी, दवाखान्याला द्यावी, त्यावर कोणाचाही आक्षेप नसतो. अडचण येते ती पुढच्या पायरीवर. ज्या शाळेला मदत केली ते गावच पाण्याखाली जाणार असेल तर मदत करणाऱ्याने गप्प बसावे काय? या प्रश्नापाशी दानधर्म संपतो आणि राजकारण सुरू होते. कित्येक देणगीदार तेथूनच माघारी वळतात. ही संस्था वळली नाही, आणि तिच्याविषयी लिहावेसे वाटले ते यामुळे.

नर्मदेच्या प्रश्नावर तिच्या जोडीला 'फ्रेंड्स ऑफ रिव्हर नर्मदा' हे मंडळही उभे राहिले. मध्य प्रदेशातील महेश्वर धरणात ऑग्डेन ही अमेरिकी कंपनी भांडवल घालणार होती. तिच्याविरुद्ध तिच्याच देशात आवाज उठला आणि २००० च्या डिसेंबरात तिने अंग काढून घेतले. २००६ साली सरदार सरोवराची उंची वाढविण्यास परवानगी मिळाली तेव्हा दिल्लीत उपोषण झाले, आणि त्याला साथ देण्यासाठी परदेशांतही भारतीयांनी निदर्शने केली. त्याच परदेशांत गुजराती समाज मोठा आहे, आणि कच्छ-सौराष्ट्राची तहान ज्याने पाहिली आहे अशा त्या समाजात धरणाचे समर्थन प्रबळ होते, हेही नमूद केले पाहिजे. ती तहान खोटी नव्हती. बडोद्याच्या आमच्या वाचकांना ते सांगावयास नको. परंतु एकाची तहान भागविण्यासाठी दुसऱ्याला द्यावयाची जमीन का दिली नाही, या प्रश्नाचे उत्तर तहानेत सापडत नाही.

निदर्शनांपेक्षा आम्हांस बिलगावची गोष्ट अधिक बोलकी वाटते. बिलगाव हे अक्राणीतले, उदई नदीकाठचे गाव. लवादाने वाटून दिल्याप्रमाणे सरदार सरोवराच्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. पण ज्या डोंगरांनी तो मिळवून दिला तेथे दिवा नव्हता. रवी कुचिमंची यांनी १९९८ मध्ये अमेरिका सोडली होती. ते व त्यांच्या पत्नी अरविंदा पिल्ललमर्री, केरळातून आलेले दोन तरुण अभियंते आणि बिलगावचे लोक यांनी मिळून तेथील धबधब्यावर १५ किलोवॅटचे एक छोटे वीजघर उभे केले. बंधारा व कालवा गावाने श्रमदानाने खणला. २००३ च्या जानेवारीत दिवे लागले. 'स्वदेश' या आशुतोष गोवारीकरांच्या २००४ च्या चित्रपटाला या दांपत्याच्या कामातून स्फूर्ती मिळाल्याचे सर्वश्रुत आहे. चित्रपटात वीज येते आणि कथा सुफळ संपूर्ण होते. बिलगावची कथा तेथे संपली नाही. २००६ च्या पावसाळ्यात धरणाच्या फुगवट्याने ते वीजघर बुडाले. पडद्यावर हा भाग आला नाही, येणे कठीणच होते.

लाचलुचपतीचे प्रकरण नदीच्या वरच्या अंगाला, मध्य प्रदेशात घडले. तेथील सरकारने जमिनीऐवजी रोख रकमेची विशेष योजना काढली. विस्थापिताला ५ लाख ५८ हजार रुपये दोन हप्त्यांत मिळावयाचे. दुसरा हप्ता मात्र त्याने जमीन विकत घेतल्याचे खरेदीखत दाखविल्यावर. झाले! गावोगाव दलाल उगवले. जी जमीन अस्तित्वातच नाही तिची खरेदीखते झाली, सरकारी जमिनीची झाली, मालकाला पत्ता नसता त्याच्या शेताची झाली. दुसरा हप्ता निघे, दलाल व कार्यालयातील मंडळी आपापला वाटा घेत, आणि विस्थापिताच्या हाती मुद्रांकाचा एक कागद राही. हे कागद एकेक करून पडताळण्याचे किचकट काम खोऱ्यातल्या कार्यकर्त्यांनी केले, परदेशस्थांनी नव्हे, आणि श्रेय ज्याचे त्याला दिले पाहिजे. उच्च न्यायालयाने २००८ मध्ये न्यायमूर्ती झा यांचा आयोग नेमला. त्याचा अहवाल सादर होईपर्यंत २०१६ उजाडले. २०१७ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ६८१ कुटुंबांना प्रत्येकी ६० लाख आणि अशा व्यवहारांत नाडल्या गेलेल्या १३५८ कुटुंबांना प्रत्येकी १५ लाख रुपये, आधी दिलेली रक्कम वळती करून, देण्याचा आदेश दिला. त्याच आदेशाने ३१ जुलैपर्यंत गावे रिकामी करण्याची मुदतही घातली.

आता त्या आक्षेपाकडे वळू. परदेशात सुखाने राहणाऱ्याला आदिवासींच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणी दिला? प्रश्न रास्त आहे, आणि देशात सुखाने राहणाऱ्या आपणा सर्वांनाही तो लागू आहे. धोका खराच आहे. दूरच्या वकिलाला कुळापेक्षा खटला प्रिय होऊ लागतो. डोंगरातला माणूस फलकावरचे चित्र होऊन बसतो. आमच्या मते या मंडळींपुरती कसोटी एकच: त्यांनी आदिवासींसाठी बोलण्याचे काम अधिक केले, की आदिवासींना बोलता यावे म्हणून अधिक केले? या कसोटीवर जीवनशाळांना दिलेली मदत आम्ही सर्वांत वर ठेवू. आंदोलनाने १९९१ साली चिमलखेडी येथे पहिली जीवनशाळा काढली. सरकारी शाळा तेथे दप्तरात होती, गावात नव्हती. जीवनशाळेत पावरी व भिलोरी बोलींतून आरंभ करून मुलांना मराठीकडे नेले जाई, आणि चौथीला ती शासनाच्या परीक्षेस बसत. मराठीच्या शिक्षकांना यातील मर्म निराळे सांगावयास नको. घरची बोली वर्गाबाहेर ठेवून आलेले मूल किती दिवस मुके बसते, हे सीमाभागातील व हैदराबादेतील आमच्या सभासदांनी जवळून पाहिले आहे. अमेरिकेतील तेलुगू, तमिळ, हिंदी बोलणाऱ्या तरुणांच्या वर्गणीतून अक्राणीची पावरी मुले मराठी वाचू लागली. आमच्या साहित्यसंस्थांनी या शाळांची दखल किती घेतली, याचा हिशेब मात्र लहानच होईल.

२०१७ च्या १७ सप्टेंबरला धरणाचे लोकार्पण झाले आणि २०१९ च्या सप्टेंबरात जलाशय प्रथमच पूर्ण पातळीपर्यंत भरला. धडगाव व अक्कलकुव्याच्या गावांत जी वस्ती उरली होती ती उतारावर आणखी वर सरकली, आणि तिच्याबरोबर शाळाही वर सरकल्या. वर्गणी त्यानंतरही येत राहिली.