तंजावूरच्या उन्हातला प्रवास: मोटारीचे इंजिन तापल्यास काय करावे?

मोटारीचे इंजिन प्रमाणाबाहेर तापणे, हा उन्हाळ्यातील लांबच्या प्रवासात होणाऱ्या सर्वांत खर्चिक बिघाडांपैकी एक आहे. बहुतेक वेळा तो टाळता येण्याजोगाही असतो. तापमान दाखविणारा काटा लाल पट्टीकडे सरकतो, तो शेवटचा इशारा असतो. बिघाडाची सुरुवात त्याच्या कितीतरी आधी, झिरपणाऱ्या नळीतून, सैल झालेल्या झाकणातून किंवा दर आठवड्याला 'थोडे पाणी घालून' वेळ निभावण्याच्या सवयीतून झालेली असते.

सरस्वती महाल ग्रंथालय, भोसले राजघराण्याचा वाडा आणि बृहदीश्वराचे मंदिर पाहण्यासाठी अनेक मराठी कुटुंबे तंजावूरला जातात. मुलांच्या शाळांना सुट्टी असल्याने एप्रिल आणि मे हेच महिने त्यांना सोयीचे वाटतात. मोटारीच्या दृष्टीने मात्र हे दोन महिने सर्वांत कठीण असतात.

वाटेवरची उष्णता

पुण्याहून सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळुरू, सेलम, नामक्कल आणि तिरुचिरापल्लीमार्गे तंजावूर सुमारे १,२०० किलोमीटर अंतरावर आहे. बंगळुरूचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच असून तेथील हवा तुलनेने सौम्य असते. होसूर, कृष्णगिरी ओलांडून धर्मपुरीपुढचा तोप्पूर घाट उतरला की हवेतील फरक लगेच जाणवतो. तिरुचिरापल्ली ते तंजावूर या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या आसपास राहतो. मेच्या पहिल्या आठवड्यापासून अखेरपर्यंतच्या या दिवसांना तमिळनाडूत 'अग्निनक्षत्र' असे म्हटले जाते.

जाताना उतरलेला तोप्पूर घाट परतताना चढावा लागतो. सामान आणि प्रवाशांनी भरलेली मोटार, वातानुकूलन सुरू आणि समोर मालमोटारींची रांग, अशी ही चढण असते. शीतकरण व्यवस्थेत काही दोष असल्यास तो येथे हमखास उघड होतो.

इंजिनातील उष्णता कोठे जाते?

पेट्रोल किंवा डिझेल जळून जी ऊर्जा निर्माण होते, तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा चाके फिरविण्याच्या कामी येतो. साधारण तेवढीच उष्णता धुराबरोबर बाहेर पडते. उरलेली उष्णता इंजिनाच्या धातूतून काढून घेण्याचे काम शीतकरण व्यवस्थेला करावे लागते.

पाणी आणि ग्लायकॉल यांचे मिश्रण, म्हणजेच कूलंट, वॉटरपंपाच्या साहाय्याने इंजिनाभोवतीच्या पोकळ्यांतून फिरते. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट नावाची झडप बंद असते. कूलंट साधारण ८५ ते ९० अंशांपर्यंत तापले की ती उघडते आणि कूलंट रेडिएटरकडे जाते. रेडिएटरच्या बारीक नळ्यांवरून वाहणारी हवा त्यातील उष्णता घेते. मोटार वेगात असताना ही हवा आपोआप मिळते. मोटार थांबली किंवा मुंगीच्या गतीने चालू लागली, की ते काम पंख्यावर येते.

रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो, हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानांतील अंतरावर अवलंबून असते. कूलंट ९५ अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल, तर हे अंतर ७० अंशांचे असते. हवा ४० अंशांवर गेली, की ते ५५ उरते. म्हणजेच तोच रेडिएटर, तोच पंखा आणि तेच इंजिन असूनही उष्णता टाकण्याची क्षमता पाचव्या हिश्शाहून अधिक घटते. पुण्यात जानेवारीत न जाणवलेला दोष तंजावूरला मे महिन्यात का डोके वर काढतो, याचे हे कारण आहे.

काटा वर चढू लागल्यास

काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकत असेल, पण लाल पट्टीपर्यंत पोहोचला नसेल, तर प्रथम वातानुकूलन बंद करावे. त्यानंतर खिडक्या उघडून गाडीतील हीटर पूर्ण क्षमतेने सुरू करावा. मे महिन्यात हा उपाय नकोसा वाटेल. परंतु हीटर हा एक छोटा रेडिएटरच असतो आणि तो इंजिनातील काही उष्णता ओढून घेतो. चढणीवर खालचा गिअर टाकून पाय हलका ठेवावा.

काटा लाल पट्टीत गेला, लाल दिवा लागला किंवा बॉनेटखालून वाफ येऊ लागली, तर मोटार सुरक्षितपणे रस्त्याच्या कडेला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे. चारही इशारादिवे सुरू करावेत आणि प्रवाशांनी रहदारीपासून दूर उभे राहावे. 'पुढच्या पेट्रोलपंपापर्यंत जाऊ' हा विचारच बहुधा सर्वाधिक महागात पडतो. सिलिंडरहेड आजकाल बहुधा ॲल्युमिनियमचे असते. अतिउष्णतेने ते वाकते, त्याखालील गॅस्केट फुटते आणि किरकोळ नळी बदलण्याऐवजी इंजिन उघडण्याची वेळ येते.

आणखी एक लक्षण फसवे असते. वर गेलेला काटा एकाएकी खाली आला, तर इंजिन थंड झाले असे समजू नये. तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो. कूलंट संपून तो कोरडा पडला, की इंजिन तापलेले असूनही काटा खाली येऊ शकतो.

झाकण केव्हा उघडावे?

शीतकरण व्यवस्था दाबाखाली काम करते. साधे पाणी १०० अंशांवर उकळते. पाणी आणि ग्लायकॉल यांचे समप्रमाणातील मिश्रण झाकणाने राखलेल्या दाबाखाली १२५ अंशांच्या आसपास पोहोचेपर्यंत उकळत नाही. गरम इंजिनाचे झाकण उघडले, की हा दाब क्षणात नाहीसा होतो. कूलंट तत्काळ उकळून कारंज्यासारखे बाहेर उसळते आणि चेहरा व हात गंभीररीत्या भाजतात.

म्हणून इंजिन बंद केल्यानंतर किमान अर्धा तास, उन्हाच्या दिवसांत त्याहूनही अधिक, थांबावे. वाफ येत असेल तर ती थांबेपर्यंत बॉनेटही उघडू नये. रेडिएटरची वरची नळी हाताला सोसवेल इतकी निवली आणि दाबल्यावर मऊ लागली, तरच झाकणावर जाड कापड ठेवून, चेहरा बाजूला करून ते हळूहळू सैल करावे. तापलेल्या इंजिनावर बाहेरून पाणी ओतू नये. आतही एकदम थंड पाणी भरू नये. अचानक आकसल्याने धातूला तडा जाऊ शकतो.

कोणते पाणी घालावे?

कावेरीच्या खोऱ्यात वाटेत पाणी सहज मिळेल, हा समज उन्हाळ्यात फसवा ठरतो. मेट्टूर धरणातून शेतीसाठी पाणी सोडण्याची परंपरागत तारीख १२ जून आहे. साठा अपुरा असल्यास तीही पुढे जाते. त्यामुळे मे महिन्यात रस्त्यालगतचे कालवे बहुधा कोरडे असतात. असलेच तर त्यांतील पाणी गाळाचे असते. विंधनविहिरींचे पाणी अनेक ठिकाणी जड किंवा खारट असते. त्यातील क्षार रेडिएटरच्या नळ्यांत साचतात आणि धातू गंजवितात.

यास्तव मोटारीच्या निर्मात्याने सांगितलेल्या प्रकारचे कूलंट आणि दोन ते तीन लिटर ऊर्ध्वपातित पाणी सोबत ठेवावे. बॅटरीसाठी मिळणारे ऊर्ध्वपातित पाणी चालते. निकडीच्या वेळी पिण्याचे बाटलीबंद पाणी घालून जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येते. मात्र त्यानंतर मिश्रण बदलून घ्यावे. कोणाकडे पाणी मागावयाचे झाल्यास त्यासाठी तमिळमध्ये 'तण्णी' हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे.

इंजिन केव्हा तापते, यावरून दोष ओळखावा

मेकॅनिकला 'गाडी तापते' एवढेच सांगण्यापेक्षा ती कोणत्या परिस्थितीत तापते, हे सांगितल्यास वेळ आणि पैसा दोन्ही वाचतात.

थांबलेल्या किंवा संथ रहदारीत तापते, पण महामार्गावर निवळते: बहुधा पंख्याचा दोष. फ्यूज, रिले, मोटर किंवा पंख्याचा सेन्सर तपासावा. तंजावूरच्या मंदिर परिसरातील आणि बाजारातील गर्दीत हा दोष प्रथम लक्षात येतो.

वेगात किंवा घाटात तापते: रेडिएटर आतून क्षारांनी किंवा बाहेरून कचऱ्याने तुंबलेला असणे, वॉटरपंप झिजणे किंवा थर्मोस्टॅट पूर्ण न उघडणे, ही संभाव्य कारणे आहेत. कावेरीच्या खोऱ्यात सुगीनंतर शेतकरी रस्त्यावर भात वाळत घालतात. त्यातील तूस आणि काडीकचरा रेडिएटरच्या जाळीत अडकतो. तो उलट बाजूने, म्हणजे इंजिनाकडून बाहेरच्या दिशेने, हलक्या दाबाच्या पाण्याने धुवावा.

सुरू केल्यावर काही मिनिटांतच तापते: कूलंट फारच कमी आहे किंवा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे.

कूलंट कमी होते, पण गळती दिसत नाही: हे सर्वांत गंभीर लक्षण होय. धुराड्यातून सतत गोडसर वासाचा पांढरा धूर येणे, तेल दुधाळ होणे किंवा इंजिन सुरू असताना कूलंटच्या टाकीत बुडबुडे येणे, ही गॅस्केट फुटल्याची चिन्हे आहेत. अशी मोटार चालवत पुढे नेऊ नये.

'रोज थोडे पाणी' ही सवय

ॲम्बॅसडरच्या काळात सकाळी बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी घालणे हा चालकांचा नित्यक्रम होता. त्या गाडीच्या जुन्या पेट्रोल इंजिनाचे ब्लॉक आणि हेड ओतीव लोखंडाचे होते. थोडाफार अतिताप ते सोसत असे. ॲम्बॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. पाण्याची सवय मात्र अजून टिकून आहे.

आजच्या मोटारीची शीतकरण व्यवस्था बंदिस्त असते. तापलेले कूलंट प्रसरण पावून टाकीत येते आणि निवल्यावर परत जाते. निर्दोष व्यवस्थेत महिनोन्महिने पातळी जवळजवळ तशीच राहते. ती वारंवार खाली जात असेल, तर कोठेतरी गळती आहेच. वरून पाणी घालत राहिल्याने दोन हानी होतात. गळतीचा शोध लांबतो. शिवाय मिश्रण पातळ होत जाऊन गंज रोखणारी आणि उत्कलनबिंदू वाढविणारी द्रव्ये कमी होतात. निव्वळ ग्लायकॉल भरणे हाही उपाय नव्हे, कारण उष्णता वाहून नेण्याची त्याची क्षमता पाण्याहून कमी असते. साधारण निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल हे प्रमाण बहुतेक मोटारींना मानवते. बाजारात तयार मिश्रणही मिळते. त्यात पुन्हा पाणी घालू नये.

निघण्यापूर्वीची तपासणी

प्रवासाच्या आदल्या दिवशी नव्हे, तर किमान आठवडाभर आधी पुढील गोष्टी पाहाव्यात.

• इंजिन थंड असताना टाकीतील पातळी किमान आणि कमाल खुणांच्या मध्ये असावी. तिची नोंद करून चार दिवसांनी पुन्हा पाहावे.

• कूलंट गढूळ किंवा तांबूस झाले असल्यास व्यवस्था धुऊन ते बदलावे. बदलण्याचा कालावधी प्रकारानुसार दोन ते पाच वर्षे किंवा अधिक असतो. मोटारीच्या पुस्तिकेतील मुदत प्रमाण मानावी.

• कूलंटचा रंग हा त्याच्या प्रकाराचा भरवशाचा पुरावा नाही. भिन्न प्रकार एकमेकांत मिसळू नयेत.

• रबरी नळ्या फुगलेल्या, चिरलेल्या किंवा फार मऊ झालेल्या नसाव्यात.

• झाकणाचे रबर आणि स्प्रिंग तपासावी. स्वस्तात बदलता येणारे झाकण दाब राखेनासे झाले, की कूलंट लवकर उकळते.

• वातानुकूलन लावून उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवावे आणि पंखा फिरतो की नाही, हे डोळ्यांनी पाहावे.

काढलेले कूलंट उघड्यावर ओतू नये. एथिलीन ग्लायकॉल गोडसर असून विषारी असते. लहान मुले आणि जनावरे ते चाटण्याचा धोका असतो. विजेवर चालणाऱ्या अनेक मोटारींत बॅटरी थंड ठेवण्यासाठीही कूलंट असते. त्यात साधे पाणी कदापि घालू नये. ते काम अधिकृत केंद्रावरच सोपवावे.

मदत कोठे मिळेल?

राष्ट्रीय महामार्गावर मोटार बंद पडल्यास १०३३ या मदत क्रमांकावर, तर अपघात किंवा इजा झाल्यास ११२ वर संपर्क साधता येतो. नामक्कल हे मालमोटारींच्या व्यवसायाचे मोठे केंद्र असल्याने त्या परिसरात महामार्गालगत मेकॅनिक मिळण्याची शक्यता अधिक असते. पाणी भरल्यानंतर काटा पुन्हा चढला, तर पुढे न जाता मोटार ओढून न्यावी. स्वयंचलित गिअरची मोटार शक्यतो सपाट तळाच्या वाहनावर चढवूनच हलवावी.

प्रवास पहाटे सुरू करून दुपारी बारा ते चार या वेळेत विश्रांती घेतल्यास इंजिनावरील ताण कमी होतो आणि प्रवाशांनाही उन्हाचा त्रास होत नाही.