बारा रुपयांचा पंतोजी आणि हंटर आयोग

१/ प्राथमिक शिक्षकाचे काम उणे पडले, तर दोष कोणाचा? त्या शिक्षकाचा, की ज्या व्यवस्थेत तो राबतो तिचा? हा वाद आजचा नाही. १८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनात त्याचे मार्मिक उत्तर आहे. #थ्रेड #इतिहास

२/ प्रथम इंग्लंडकडे पाहू. १८६२ मध्ये रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने तेथे नवी शिक्षणसंहिता आली. शाळेचे सरकारी अनुदान मुलांची हजेरी आणि तपासनिसाने घेतलेली वाचन, लेखन व अंकगणिताची परीक्षा यांवर ठरू लागले. अनुदान घटले की पुष्कळदा शिक्षकाचे वेतनही घटे.

३/ कवी मॅथ्यू अर्नॉल्ड हे स्वतः शाळा तपासनीस होते. या पद्धतीमुळे अध्यापन यांत्रिक होत असल्याची टीका त्यांनी सातत्याने केली. परीक्षेत येईल तेवढेच शिकवायचे, हा शिरस्ता झाला. ज्याने मार्ग दाखवायचा, तो तपासनीस शिक्षकाच्या भाकरीचा हिशेब करू लागला.

४/ हीच ‘निकालानुसार अनुदान’ पद्धत मुंबई इलाख्यातही आली. जोतीरावांनी तिला स्पष्ट विरोध केला. ज्या गरीब समाजात शिक्षणाची गोडीच अद्याप लागलेली नाही, तेथे अशा बेभरवशाच्या उत्पन्नावर कोण शिक्षक शाळा काढील? १८४८ पासून सावित्रीबाईंसह शाळा उभारणाऱ्या माणसाचा हा अनुभव होता.

५/ त्यांच्या मागण्या नेमक्या होत्या. शिक्षक प्रशिक्षित असावा. वेतन १२ रुपयांहून कमी नसावे. मोठ्या गावांत ते १५ किंवा २० रुपये असावे. गावचे हिशेब तपासणे, टपाल, मुद्रांकविक्री अशी कामे त्याच्याकडे द्यावीत, म्हणजे गावात त्याचा मान वाढेल.

६/ येथे एक बारकावा आहे. अधिक मुले उत्तीर्ण करणाऱ्या शिक्षकाला खास भत्ता द्यावा, असेही ते सांगतात. मात्र हा भत्ता पगाराव्यतिरिक्त. निकालावर बक्षीस असावे. पोट मात्र निकालावर टांगलेले नसावे.

७/ देखरेखीवरही त्यांनी बोट ठेवले. डेप्युटी इन्स्पेक्टरची वर्षातून एक भेट जवळजवळ निरुपयोगी. तपासणी निदान दर तीन महिन्यांनी व्हावी, शिवाय पूर्वसूचना न देताही व्हावी. म्हणजे त्यांना देखरेख सैल नको होती. ती नित्याची हवी होती.

८/ आणि शिक्षक कसा असावा? बहुतेक शिक्षक ब्राह्मण असून शेतकऱ्यांच्या मुलांत मिसळत नाहीत, ही त्यांची तक्रार होती. म्हणून शक्यतो शेतकरी वर्गातून आलेला, प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हाती धरायला न लाजणारा शिक्षक त्यांना हवा होता.

९/ आयोगाने तरीही प्राथमिक शाळांचे अनुदान बहुतांशी परीक्षेच्या निकालावर ठेवण्याची शिफारस केली. पुढे इंग्लंडने १८९० च्या दशकात ही पद्धत सोडली, आणि कर्झनच्या काळातील १९०४ च्या शैक्षणिक ठरावात हिंदुस्थान सरकारनेही तिला अखेरचा निरोप दिला.

१०/ जोतीराव १८९० मध्येच निवर्तले होते. स्थिर वेतन, गावात मान, जागरूक देखरेख आणि मुलांविषयी आपुलकी ही चार अंगे त्यांनी एकत्र मांडली होती. केवळ निकाल हाती धरून शाळा सुधारू पाहणाऱ्यांना सरकारी कबुलीसाठी आणखी २२ वर्षे लागली.